मिस टटलच्या शेजारची जागा

थॉर्नबी कॉर्नर्सला गाव म्हणावं तर ते तेवढं मोठं नव्हतं, आणि वाडी म्हणावं तर त्याला स्वतःचं पोस्ट ऑफिस होतं. व्हर्मांटच्या डोंगरांत दोन रस्ते एकमेकांना छेदायचे, त्या चौकात पांढरं लाकडी चर्च, समोर डॉटचं दुकान आणि दुकानातच मागच्या भिंतीला पोस्टाची खिडकी. मग तळ्याच्या बाजूने पंधरावीस घरं, सगळी पांढरी, हिरव्या झडपांची. एकमेकांना खेटून कुणी नाही, पण शेजाऱ्याच्या धुराड्यातून धूर निघतोय की नाही ते दिसेल इतपत जवळ.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधून आलेल्या लोकांनी मागे राहिलेल्या खेड्याचं नाव आणून इथे लावलं होतं, आणि नांगरताना निघालेल्या दगडांचे बांध घातले होते. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. शेतं केव्हाच गेली, रान परत आलं. आता रानातून चालताना मध्येच एखादा बांध आडवा यायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना झाडंच झाडं. कुणाचं काय कुणापासून राखायला तो घातला होता, ते सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. पण एखादा दगड निसटला तर जाणारा येणारा थांबून तो परत बसवायचा. माणसं कमी बोलणारी. गाड्या समोरासमोर आल्या की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची. अख्खा हात हलवणं म्हणजे जरा अतीच झालं.

ह्या गावात मालिनी आठल्ये आली १९७९ साली, नवऱ्यामागून. श्रीरंग डॉक्टर. पलीकडच्या गावातल्या लहानशा हॉस्पिटलात यायला अमेरिकन डॉक्टर तयार नव्हते, म्हणून त्याला बोलावलं होतं. मालिनी साताऱ्याची. भरलं घर, दारात सतत कुणी ना कुणी. इथे पहिल्या महिन्यात तिच्या दारात फक्त एक हरीण येऊन गेलं.

पहिल्या दिवाळीला तिने जे घरी केलं असतं तेच केलं. पुढचं दार सताड उघडलं, पायऱ्यांवर रांगोळी काढली, पणत्या नव्हत्या म्हणून काचेच्या वाट्यांत मेणबत्त्या लावल्या. थोड्या वेळाने शेजारच्या मिस टटल आल्या. काळा कोट, काळी टोपी, हातात झाकण ठेवलेलं मातीचं भांडं.

"कोण गेलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कुठे?"

"डॉक्टर? की मुलगी?"

मालिनीचं इंग्रजी बरं होतं, तरी तिने तो प्रश्न मनात पुन्हा एकदा लावून पाहिला. तेवढ्यात श्रीरंग चकली खात बाहेर आला, त्याच्यामागून सहा वर्षांची सुलेखा. मिस टटलनी दोघांना नीट पाहून घेतलं. मग उलगडा झाला. थॉर्नबीत पुढचं दार उघडतात ते दोन वेळा, नवरी बाहेर पडताना आणि शवपेटी बाहेर काढताना. एरवी सगळा वावर मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने. आठल्यांच्या घरात लग्नाचं कुणी नव्हतं, म्हणजे उरलं काय?

"मग हे बीन्स मी परत नेऊ?" मिस टटलनी विचारलं.

"छे छे, राहू द्या," श्रीरंग घाईघाईने म्हणाला. वास चांगला येत होता.

मिस टटलनी एक चकली खाल्ली, "कडक आहे" एवढंच म्हणाल्या, आणि निघताना चार चकल्या रुमालात बांधून घेऊन गेल्या.

मिस विनिफ्रेड टटल ज्या खोलीत जन्मल्या त्याच खोलीत अजून झोपत. गावाच्या एकखोली शाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं शिकवण्यात घालवली. गावातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या हातावर त्यांची पट्टी बसली होती आणि प्रत्येकाचं अक्षर सुंदर होतं. शाळा बंद पडली, तिथे आगीचा बंब आला, तेव्हा गावाच्या स्मशानभूमीची देखभाल त्यांनी अंगावर घेतली. गवत कापायचं, कलंडलेले दगड सरळ करायचे, कुणाला कुठे जागा द्यायची ते पाहायचं. लग्न केलं नाही. बॉस्टनला दोनदा जाऊन आल्या होत्या, आणि तिसऱ्यांदा जायचं कारण त्यांना दिसलं नव्हतं.

बोलायच्या तेव्हा टाका घातल्यासारखं, थोडं आणि पक्कं. बरीच वर्षं मालिनी त्यांच्या तोंडी 'डॉक्टरांची बायको' होती. एकदा मागच्या अंगणात मालिनीने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चिमटे लावून वाळत घातलेल्या त्यांनी पाहिल्या. त्यांच्याही दोरीवर तशाच पिशव्या होत्या. त्या दिवसापासून ती 'मालिनी' झाली.

मग रोज चारला मिस टटल मागच्या दाराने चहाला यायला लागल्या. "तुझा चहा म्हणजे जेवण आहे," असं कुरकुरत दोन कप प्यायच्या. आणि मालिनीकडे एक काम आलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा वर करायचा, म्हणजे शेजाऱ्याला कळतं की रात्र पार पडली. पूर्वी हा पडदा पाहायचं काम तळ्याकाठच्या एका बाईंकडे होतं. त्या वारल्यावर मिस टटलनी विचारलंसुद्धा नाही. एका सकाळी "आजपासून तू बघ" म्हणून सांगून गेल्या. मालिनी रोज दूध तापत ठेवायची आणि समोरच्या खिडकीकडे पाहायची. पडदा वर गेला की मगच चहाचं आधण.

असं सगळं असूनही मालिनीला इथून जायचं होतं. तिची कॉलेजची मैत्रीण सुनेत्रा न्यू जर्सीत, पार्सिपनीला. तिथे गणपती बसायचा, नाटकं व्हायची, दुकानात कढीपत्ता मिळायचा. दर रविवारी फोनवर सुनेत्रा हे सगळं सांगायची आणि मालिनी खिडकीबाहेरचा बर्फ पाहत ऐकायची. नवऱ्यामागे तिने टुमणं लावलं होतं, ते सात वर्षांनी, १९८६ च्या मार्चमध्ये, फळाला आलं. श्रीरंगला तिकडे नोकरी मिळाली. जुलैत निघायचं ठरलं.

एकच गोष्ट राहिली होती, मिस टटलना सांगायची. रोज चारला वाक्य दातांपर्यंत यायचं आणि परत जायचं. "अगं, ब्रेक द न्यूज, काय खातात का त्या तुला?" श्रीरंग म्हणायचा. मालिनी म्हणायची, "तुम्ही सांगा." तो म्हणायचा, "मी कशाला? मी पेशंटना वाईट बातम्या देतो तेवढ्या पुरे."

एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळून सगळे रस्ते चिखल झाले असताना मिस टटल मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पायांत गमबूट, ओठांना नवी लिपस्टिक. त्यांना लिपस्टिक लावलेलं मालिनीने कधी पाहिलं नव्हतं.

"चल. तुला काहीतरी दाखवायचंय."

चर्चच्या मागून वाट चढावर जात होती. वर दगडी बांधाच्या आत स्मशानभूमी. मालिनी दाराशी घुटमळली, पण मिस टटल पुढे गेल्या होत्या. पार वरच्या कोपऱ्यात, एका मोठ्या मेपलच्या पुढे, टटलांचे दगड होते. आजोबा, आजी, वडील, आई. एका दगडावर मिस टटलचं स्वतःचं नाव कोरलेलं होतं आणि जन्माचं साल. पुढची जागा कोरी.

"ही माझी," त्या म्हणाल्या. मग दोन पावलं बाजूला सरकून, पाहुण्याला खोली दाखवावी तसा हात केला. "आणि ही तुझी. सकाळचं ऊन येतं. पाणी साचत नाही. इथून तळं दिसतं, बघ. अख्ख्या गावात ह्याहून चांगली जागा नाही."

मालिनीने आधी त्या जागेकडे पाहिलं, मग दगडावरच्या कोऱ्या जागेकडे.

"शेजारी म्हणून तुझी सवय झालीय मला," मिस टटल म्हणाल्या. सात वर्षांत स्वतःच्या मनाबद्दल त्यांनी केलेलं हे सगळ्यात लांबलचक भाषण होतं.

चांगली धडधाकट बाई, त्रेचाळीस वर्षांची, घरात वयात येणारी मुलगी, आणि ही म्हातारी तिला कुंकवासकट उभी करून म्हणतेय, ही तुझी जागा! मालिनीच्या तोंडून जे निघालं ते चढ्या आवाजातच निघालं.

"नको मला! आम्ही पुरत नाही. जाळतो. आणि मी अजून मेले नाहीये!"

मिस टटलचा चेहरा हलला नाही. लिपस्टिक मात्र एकदम जास्त लाल दिसायला लागली. "बरं," त्या म्हणाल्या, आणि दोघी एकामागून एक चिखलातून खाली आल्या.

घरी आल्यावर मालिनीने आधी डोक्यावरून अंघोळ केली. श्रीरंग आला तेव्हा ती देवापुढे बसली होती.

"अहो, त्यांनी मला जागा दाखवली."

"कसली जागा?"

"मसणातली!"

श्रीरंगने आधी ऐकून घेतलं, आणि मग त्याला हसू आवरेना. "अगं, पार्सिपनीत पार्किंगला जागा मिळत नाही. इथे तुला लेक व्ह्यू मिळतोय."

"हसू नका. अभद्र कुठले."

सुलेखा जिन्यावरून ऐकत होती. "आई, यू सेड नो? ओ माय गॉड. इट्स अ ह्यूज थिंग! माझ्या वर्गातल्या नॅन्सीच्या ग्रँडपाला पण नाही दिली, ही वॉज बॉर्न हिअर!"

"मग त्यालाच द्या म्हणावं, वय झालंय त्याचं," मालिनी म्हणाली.

रविवारी सुनेत्राला फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच. "अगंबाई! दृष्ट काढ आधी, मीठ-मोहऱ्या-मिरच्या! मी म्हणत नव्हते, सोड ते भुताचं खेडं? इथे ये गं बाई. इथे काही झालंच, तर निदान आपली माणसं तरी असतील पोचवायला."

"म्हणजे तूही तेच म्हणतेस," मालिनी म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

दृष्ट मात्र तिने काढली. मिरच्या विस्तवाऐवजी इलेक्ट्रिकच्या शेगडीवर टाकल्या, तर सगळं घर खोकायला लागलं आणि स्मोक अलार्म कोकलला. सुलेखा टॉवेल फडफडवत ओरडत होती, श्रीरंग खिडक्या उघडत होता. त्या गोंधळातही मालिनीचं लक्ष समोरच्या घराकडे गेलं. एरवी एवढा गलका ऐकून मिस टटल काठी आपटत आल्या असत्या. आज कुणी आलं नाही.

चार वाजताही आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्याकडे खाऊ घेऊन गेलेला मालिनीचा स्टीलचा डबा घासूनपुसून मागच्या पायरीवर ठेवलेला होता. पडदा तेवढा रोज सकाळी वर जायचा. मालिनी रोज पाहायची आणि आधण ठेवायची, पण चहा तिला गोड लागेना. आता दोन महिन्यांत जायचंच आहे, ती स्वतःला समजवायची, सुंठीवाचून खोकला गेला. आणि मग भाजी चिरता चिरता तिचा हात थांबायचा.

मेच्या मध्याला ती पोस्टात गेली. डॉटने खिडकीतून टपाल सरकवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. डॉट म्हणजे साठीची, ऐसपैस बाई. गावातली एकटीच बडबडी, म्हणून तिला दुकान.

"वॉल्टरची जागा नको म्हणालीस म्हणे."

"कोण वॉल्टर?"

"विनीचा भाऊ. तुला माहीत नाही?" डॉटने कोपरं टेकली. "खालच्या कुरणावरून भांडण झालं दोघांचं, महायुद्ध संपलं त्या वर्षी. तो कॅलिफोर्नियाला गेला, परत आला नाही. तेव्हापासून एक शब्द नाही एकमेकांशी, ख्रिसमसचं कार्डसुद्धा नाही. ती जागा त्याची. त्याने सोडल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. मार्चमध्ये विनीने त्याला फोन केला."

"माझ्यासाठी?"

"भांडणानंतर विनी टटलने आपणहून कुणाला आधी फोन केला, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तो म्हणाला म्हणे, 'मी काय येत नाही आता, दे तिला.' मग अर्धा तास बोलत होते. कुरणाबद्दलच." डॉटने शिक्का उचलला. "आणि तू म्हणालीस नको."

टपाल छातीशी धरून मालिनी दुकानाबाहेर उभी राहिली. एक ट्रक गेला. आतल्या म्हाताऱ्याने एक बोट उचललं. तिनेही नकळत उचललं. दिवाळीला दारात काळी टोपी पाहून तिला राग आला नव्हता, हसूच आलं होतं. मग ह्या वेळी अंघोळ कसली केली आपण?

मेच्या अखेरीला मेमोरियल डे येतो, गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस; त्याच्या आधीच्या शनिवारी गाव स्मशानभूमी झाडायला जमतं. ज्याने त्याने आपापल्या माणसांची जागा साफ करायची अशी रीत. ह्या सात वर्षांत मालिनी कधी गेली नव्हती; तिचं तिथे कोण होतं? त्या शनिवारी तिने गॅरेजमधून पाचोळा गोळा करायचं दाताळं, रेक, उचललं.

"कुठे?" श्रीरंगने विचारलं.

"वर."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ह्या वेळी विनोद केला नाही.

वर जत्रा असावी तसं चाललं होतं. पोरं दगडांमागे लपाछपी खेळत होती. कुणी आजोबांच्या दगडावर कोट टांगला होता. एक कुटुंब चक्क आजीच्या अंगावर चादर पसरून सँडविच खात बसलं होतं, आणि मालिनीच्या अंगावर काटा आला. पण त्या लोकांचे चेहरे इतके घरच्यासारखे होते, की काटा तिथेच विरला.

वरच्या कोपऱ्यात मिस टटल वाळकी पानं ओढत होत्या. मालिनी जाऊन समोर उभी राहिली. आता वाक्य परत जाऊ द्यायचं नव्हतं.

"मिस टटल, आम्ही जुलैत चाललोय. न्यू जर्सीला. कायमचे. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

रेक थांबलं नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"डॉक्टरांनी हॉस्पिटलला सांगितलं त्याच आठवड्यापासून. नर्सची आई डॉटकडे ब्रेड घेते."

"म्हणजे मला इथे आणलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं, मी जाणार ते?"

"म्हणून तर आणलं." मिस टटल आता थांबल्या आणि रेकच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे पाहू लागल्या, वर्गातल्या हुशार पोरीला सोपं गणित चुकल्यावर पाहावं तसं. "जो राहणार त्याला जागा कशाला दाखवायची? तो आपसूक येतो. वॉल्टर तिकडे इतकी वर्षं राहिला, नांदला. त्याची इथली जागा कुणी काढून घेतली होती का? गेलं म्हणजे झालं, असं तुला कुणी सांगितलं?"

मालिनीने खाली पाहिलं. तळ्यावर ऊन आलं होतं. खरंच दिसत होतं इथून.

"मी फार वाईट बोलले तुम्हाला," ती म्हणाली. "आमच्यात जिवंत माणसाला असं दाखवत नाहीत. अपशकुन वाटतो. मी घाबरले."

"मला वाटलं, माझ्या शेजारी नको म्हणतेस." मिस टटलनी हे पानांकडे बघत म्हटलं.

"नाही हो! तसं नाही!" मालिनी एवढ्या जोरात म्हणाली की सँडविचवाल्यांनी वळून पाहिलं. मग तिने आवाज खाली आणला. "पण आम्ही जाळतो ते खरं आहे."

"डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगितलंय मला. राखेला जागा कमी लागते. मला पाय पसरता येतील."

मालिनीला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. पदर नव्हता, पँट होती. तिने बाहीला डोळे पुसले. मिस टटल पलीकडे पाहत राहिल्या. असल्या वेळी पलीकडे पाहणं हीच थॉर्नबीतली माया.

"माझं कुठपासून कुठवर?" मालिनीने विचारलं.

मिस टटलनी रेकच्या दांड्याने हवेत रेघ मारली, ह्या दगडापासून त्या नेच्यांपर्यंत. मालिनीने आधी थोडा वेळ ती जमीन नुसतीच पाहिली. मग रेक टाकलं आणि ओढलं.

"असं कुरवाळून काय होणार? मुळापासून ओढ."

मालिनीने मुळापासून ओढलं. वर्षानुवर्षांची पानं निघत गेली, खाली काळी, ओली माती. घाम आला. मिस टटलनी पिशवीतून चीज सँडविच काढलं, अर्धं तोडून तिच्या हातात दिलं, आणि मातीच्या हातांनीच ते तिने उभ्या उभ्या खाल्लं. पाण्याचा जग घेऊन फिरणारी डॉट तिथवर आली.

"वाहवा! वॉल्टरची जागा यंदा झकास झाली की."

"वॉल्टरची नाही ती," मिस टटल म्हणाल्या.

डॉटने मालिनीकडे पाहिलं, तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि, आश्चर्य म्हणजे, काही न बोलता पुढे गेली.

मालिनी उकिडवी बसली. मातीचं ढेकूळ बोटांनी फोडून पाहिलं. भुसभुशीत होतं.

"इथे शेवंती जगेल?"

"जगेल. थंडी सोसते ती. पण पाणी कोण घालणार? तू तर तिकडे."

"तुम्ही," मालिनी म्हणाली.

"मला वाटलंच," मिस टटल म्हणाल्या, आणि तिच्या रेकमधून सुटलेली दोन पानं वाकून उचलली.